खिशातून निघालेला डावा हात

रॅपिड फायर पिस्तूल हा एका हाताचा खेळ आहे. उजव्या हातात पिस्तूल, आणि डावा हात खिशात घालायचा नाहीतर कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा. मालिका संपेपर्यंत तो हात आपल्याला आहे हेच विसरायचं. मी बरीच वर्षं हा खेळ खेळलो, पुढे शिकवला, नंतर स्पर्धांमध्ये अधिकारी म्हणून उभा राहिलो. डाव्या हाताचा विचार मात्र कधी केला नाही. गेले काही महिने मला दुसरं काही सुचत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंचवीस मीटरवर पाच निशाणं एका ओळीत असतात. नेमबाज हात तिरका खाली धरून उभा राहतो. समोर लाल दिवा लागतो, मग हिरवा. हिरवा दिसला की हात उचलायचा आणि पाच निशाणांवर पाच गोळ्या मारायच्या. आधी आठ सेकंदांत, मग सहा सेकंदांत, शेवटी चार सेकंदांत. चार सेकंदांच्या मालिकेत विचार करायला वेळच नसतो. अंगाला जे शिकवलं असेल ते अंग करतं.

ज्याच्याबद्दल हे लिहितो आहे तो लालबागच्या एका चाळीत वाढला. त्याचे वडील माझे ऑफिसातले मित्र. ते अचानक गेले तेव्हा तो नुकताच कॉलेजात जायला लागला होता आणि माझ्याकडे पिस्तूल शिकत होता. त्याची आई हिंदमाताच्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. दिवसभर घड्या उलगडायच्या, परत घालायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन मुलाच्या सरावाला बसायचं.

पिस्तूल क्लबच्या कपाटात कुलपात राही. घरी सरावाला मी त्याला लाकडाचा एक ठोकळा करून दिला होता. मूठ त्याच्या हाताच्या मापाची आणि वजन पिस्तुलाएवढं यावं म्हणून खाली शिशाची पट्टी. गॅलरीच्या टोकाच्या भिंतीवर पाच काळी वर्तुळं चिकटवली होती. मंडळाच्या रोषणाईतले उरलेले दोन बल्ब, एक लाल आणि एक हिरवा, दाराच्या चौकटीवर टांगले होते. त्याची आई, माझ्या वहिनी, आत पाटावर मेथी निवडत बसायच्या आणि एका हाताने बटणं दाबायच्या. त्यांचा हिरवा बल्ब बरोबर चार सेकंद जळायचा. मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

चाळीला हे सगळं पाठ झालं होतं. शेजारचे काका पाण्याची बादली घेऊन गॅलरीत थांबायचे आणि ओरडायचे, "काय रे, जाऊ का? की घालतोस गोळी?"

"थांबा काका, लाल आहे."

"च्यायला, लालबागच्या नाक्यावर सिग्नल तोडला तर मामा पण एवढं अडवत नाही."

"वांयच थांबा ओ," आतून वहिनी म्हणायच्या, "तुमच्या बादलीक काय पाय फुटतत?"

हे सगळं आठवताना आजही बरं वाटतं. पण त्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा होता. ते मी मारले होते.

त्याचं कारण असं. पिस्तुलात गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचं काडतूस आपोआप आत जातं. कधीकधी पुंगळी नीट बाहेर पडत नाही, बोल्टच्या, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या खटक्याच्या, तोंडात उभी अडकते. पिस्तूल मुकं होतं. स्पर्धेत असं झालं तर नियम कडक आहे. पिस्तूल तसंच निशाणाकडे धरायचं, मोकळा हात वर करायचा आणि काही म्हणजे काही हात लावायचा नाही. अधिकारी येऊन पाहतो. बिघाड खरा असेल तर ती मालिका पुन्हा खेळायला मिळते. पण अधिकारी पोचायच्या आत नेमबाजाने बोल्टला नुसता हात लावला, तरी न सुटलेल्या गोळ्यांना शून्य.

आमची सरावाची रेंज माहीमच्या बाजूला एका जुन्या शेडमध्ये होती. एक तास मिळायचा. मागे बाकावर पुढच्या तासाचे लोक बसून घड्याळाकडे पाहात असत. काडतुसं जुनी, स्वस्त. पुंगळ्या सारख्या अडकायच्या. तिथे हात वर करून कोणाची वाट पाहायची? मी त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं, "अडकलं की ओढ आणि चालू हो. वेळ घालवू नकोस." डावा हात खिशातून निघून बोल्टचे दोन कान मागे ओढतो, पुंगळी उडते, हात परत खिशात. तो हे इतकं झटपट करायला लागला की मागच्या बाकावरचे लोक वाहवा म्हणायचे. म्हणून मी ठोकळ्यावर बोल्टच्या कानांच्या जागी खिळे मारले. घरीसुद्धा सवय राहावी म्हणून.

तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं होतं.

पुढे तो माझ्या हाताखाली राहिला नाही, आणि ते योग्यच झालं. राष्ट्रीय शिबिरात निवडला गेला, नवे प्रशिक्षक मिळाले, परदेशी काडतुसं मिळाली. ती काडतुसं अडकत नाहीत. त्यामुळे त्याचा डावा हात काय शिकून आला आहे हे तिथे कोणाला कळलं नाही. मलाही आठवलं नाही.

मग एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या शहरात आली. मला रेंज ऑफिसर म्हणून बोलावलं. म्हणजे नेमबाजांच्या मागे उभं राहून त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. पहिल्या दिवशी मुख्य अधिकाऱ्यांनी सगळ्यांना विचारलं, कोणाचा कोणा खेळाडूशी संबंध असेल तर आत्ताच सांगा, वेगळ्या ठिकाणी उभं करू. मी गप्प बसलो. तो आता माझा शिष्य कुठे आहे, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्याच्यामागे उभं राहून पाहायचं होतं. इतक्या वर्षांत मी कधीच एवढ्या जवळून मोठी स्पर्धा पाहिली नव्हती.

त्याच्यासाठी ही स्पर्धा साधी नव्हती. शिबिरात त्याला स्पष्ट सांगितलं होतं, या वेळी अंतिम सहात आला नाहीस तर जागा दुसऱ्याला. तिथली जागा गेली की चांगली काडतुसं गेली, परदेश दौरे गेले, त्याला नोकरीत मिळणारी खेळाची रजाही गेली. हे मला वहिनींनी फोनवर सांगितलं होतं. "भावजी, तुमी असतलास ना थंय? मग माका भीती नाय."

स्पर्धेच्या दिवशी चाळीतली चार-पाच माणसं आली होती. प्रेक्षकांच्या बाकावर वहिनी पहिल्या रांगेत, कानात कापसाचे बोळे. बादलीवाले काका शेजारी. सुरुवातीच्या मालिका सुटल्या तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "एवढाच आवाज? आमच्या मंडळाच्या लवंगी बऱ्या." कोणीतरी त्यांना गप्प केलं. तो माझ्यापुढे उभा होता आणि त्याने मला ओळख दाखवली नव्हती. घरी मी काका, रेंजवर सर, हा त्याचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. त्या दिवशी तर सरही नाही. एकदा त्याची नजर माझ्याकडे आली आणि सरळ निशाणांवर गेली. मला त्याचा अभिमान वाटला.

तो चांगला खेळत होता. आठ सेकंद झाले, सहा झाले. चारची पहिली मालिका उत्तम गेली. आता शेवटची मालिका. पडद्यावर तो पाचवा होता. पाच गोळ्या साधारण बऱ्या बसल्या असत्या तरी अंतिम फेरी नक्की होती.

लाल दिवा. त्याचा हात तिरका खाली, खांदा सैल. मी त्याच्या मागे उजवीकडे उभा होतो. हिरवा.

एक. दोन. तिसऱ्या निशाणावर पिस्तूल आलं आणि आवाज आला नाही.

त्या क्षणी त्याचा डावा हात खिशातून बाहेर आला. मी तो बाहेर येताना पाहिला. कोपर वर उचललेलं पाहिलं. मग माझ्या आणि त्या हाताच्या मध्ये त्याचा खांदा आणि मान आली. आणि मग तो हात डोक्याच्या वर, सरळ, नियमाप्रमाणे.

मी पुढे झालो. हिरवा केव्हाच विझला होता. पिस्तूल अजून निशाणांकडेच होतं. बोल्टच्या तोंडात पुंगळी उभी अडकली होती, अगदी स्पष्ट. मी ती ज्यूरीच्या, म्हणजे निर्णय देणाऱ्या पंचांपैकी, एका बाईंना दाखवली. त्या परदेशी होत्या, पांढऱ्या केसांच्या, शांत. त्यांनी मान हलवली आणि मला इंग्रजीत विचारलं, "मोकळ्या हाताने बोल्टला स्पर्श केला का?"

यावर मी काय बोललो ते मी स्वतःला रोज ऐकवतो. मी म्हणालो, "हो."

मी पाहिलं नव्हतं. मध्ये त्याचा खांदा होता. पण खिशातून निघालेला तो हात कुठे जातो हे मला माहीत होतं, कारण मीच त्याला तिथे जायला शिकवलं होतं. जे दिसलं नाही ते मी माझ्या माहितीने भरून काढलं. माझ्या जागी दुसरा कोणीही असता तर त्याला फक्त एक वर गेलेला हात दिसला असता. पुंगळी अडकलेलीच होती, म्हणजे बोल्ट ओढलेला तर नव्हताच. हेही मला तेव्हा दिसत होतं. स्पर्शाबद्दल खात्री नसेल तर खेळाडूच्या बाजूने निर्णय द्यायचा, हे मीच नव्या अधिकाऱ्यांना शिकवत आलो आहे.

मग मी असं का बोललो? मला भीती वाटली. मी 'नाही' म्हटलं असतं, तो अंतिम फेरीत गेला असता, आणि संध्याकाळी कोणीतरी म्हटलं असतं, अरे, हा तर त्याचा जुना गुरू! संबंध लपवून मागे उभा राहिला आणि वाचवलं. पहिल्या दिवशी मी जे गप्प बसलो होतो त्याची किंमत त्या एका शब्दाने त्याच्याकडून वसूल केली. तो 'हो' मी जरा मोठ्यानेच म्हणालो, हेही मला आठवतं.

तीन गोळ्यांना शून्य. पडद्यावर त्याचं नाव खाली खाली सरकत गेलं.

त्याने काही वाद घातला नाही. पिस्तूल रिकामं केलं, पेटीत ठेवलं. माझ्याकडे पाहिलं तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. स्वतःच्या हाताबद्दल त्याला काहीतरी विचारायचं होतं, आणि ज्याला ते विचारावं असा माणूस मीच होतो.

प्रेक्षकांतून वहिनींचा आवाज आला, "काय झाला? काय झाला ओ?" त्यांच्या कानात अजून कापूस होता, म्हणून त्या ओरडून विचारत होत्या.

मी बाहेर आलो. आमच्या डावीकडच्या नेमबाजांवर माहीमचा माझा एक जुना ख्रिस्ती मित्र ऑफिसर होता. आम्ही तरुणपणी एकत्र खेळलेलो. तो पाण्याची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "काय रे बाबा, तू लय स्ट्रिक्ट. माझ्या साइडने तर हात एकदम वर गेला."

"बोल्टकडे गेला नाही?"

"गेला असेल थोडा. पण लागला नाही, मॅन. माझ्या समोरच तर होता, डाव्या बाजूने. मला कोण विचारतो? माझी लाइन नाय ना ती." तो पाणी प्यायला. "तुला काय दिसलं?"

मी म्हणालो, "लागलेला दिसला."

"मग ठीक आहे. तू बोलतोस तर असेल."

दाद मागायची मुदत तेव्हा संपली नव्हती. त्याचे नवे प्रशिक्षक दाद मागायचं म्हणत होते, पण स्पर्श पाहणारा अधिकारी ठाम असताना मागून उपयोग नाही असं त्यांना कोणीतरी सांगितलं. तो ठाम अधिकारी मी. ज्यूरीची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. मी तिथवर गेलो. दाराला काच होती, आत त्या पांढऱ्या केसांच्या बाई चहा घेत होत्या. दार ढकलून एवढंच म्हणायचं होतं, मला दिसलं नव्हतं. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग हो का म्हणालात? आणि त्याच्या उत्तरात पहिल्या दिवसाचं गप्प बसणं येणार होतं, ठोकळा येणार होता, खिळे येणार होते.

मी काचेतून त्यांना पाहात उभा राहिलो. त्यांचा चहा संपला. मुदतही संपली. अंतिम फेरीची घोषणा झाली, सहावं नाव दुसऱ्याच देशातल्या मुलाचं होतं.

संध्याकाळी मुख्य अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आपल्याच देशाचा खेळाडू असून निर्णयात कच खाल्ली नाही, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गिरगावात घरी आलो आणि बायकोने विचारलं तेव्हा तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "वाईट झालं, पण तू तरी काय करणार?" मी जेवलो. नीट जेवलो, हे लिहायला लाज वाटते.

चाळीत जायला मला पुढच्या रविवारपर्यंत धीर झाला नाही. तोवर शिबिराचा निरोप येऊन गेला होता. त्याची जागा गेली होती.

दार उघडंच होतं. तो लादीवर बसून शर्टाला बटण लावत होता. वहिनी उठल्या, "येवा भावजी. चाय टाकतंय." आवाजात नेहमीचं काही नव्हतं, पण तिरस्कारही नव्हता. त्यांच्या हिशेबी मी नियमाने वागलो होतो.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. हात कुठे गेला ते मला दिसलं नव्हतं, खांदा मध्ये होता, मी अंदाजाने हो म्हणालो, माझ्या मित्राने हात न लागल्याचं सांगितलं तरी मी ज्यूरीच्या दारातून परत फिरलो. हे सगळं सांगायला फार वेळ लागला नाही.

वहिनींच्या हातात गाळणं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या झिलान हात लावूकच नाय?"

"आई, थांब." तो बटणावरून मान वर न करता म्हणाला. "ते मलाच माहीत नाही. आठ दिवस तेच आठवायचा प्रयत्न करतोय. हात निघाला तेव्हा बोल्टकडेच निघाला होता. मध्येच कळलं, वर न्यायचा. त्या मधल्या वेळात लागला की नाही, देवाशप्पथ मला माहीत नाही."

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुमी बघलात काय, ता एकदाच सांगा."

"नाही बघितलं."

"मग दिसूक नाय म्हणान सांगूचा होता. तितक्याच."

तितकंच. बाहेर कोणाची तरी बादली ठेवल्याचा आवाज झाला आणि कोणीही 'जाऊ का' म्हणून विचारलं नाही.

तो उठला. माझ्यासमोर उभा राहिला. माझ्यापेक्षा चांगला उंच आहे आता. "तुम्ही मला चुकीचं शिकवलंत, त्याचा मला राग नाही काका. तेव्हा तासच एक मिळायचा. पण तुम्ही मला ओळखता म्हणून मला शून्य दिलंत. अनोळखी असतो तर वाचलो असतो." त्याने हातातल्या शर्टाचा दोरा दातांनी तोडला तो फार जोरात. "आता जा तुम्ही. चहा नको."

मी निघालो. वहिनींनी मला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य अधिकाऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं, संबंध लपवल्यासकट. निकाल बदलत नाही, असं म्हणाले, आणि पुढच्या यादीत माझं नाव नसेल. ते मी आधीच धरून चाललो होतो. जे गेलं ते त्याचं गेलं. माझी फक्त एक टोपी आणि एक बिल्ला गेला.

शिबिराची पुढची निवड चाचणी सगळ्यांना खुली असते. त्याने नाव घातल्याचं मला बादलीवाल्या काकांकडून कळलं. मग एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "मी बोलावतंय, तो नाय," हे आधी सांगितलं. "माका दुकानातसून येवक उशीर होता. बल्ब दाबूक कोण नाय."

मी गेलो. त्याने मला पाहिलं आणि ठोकळा उचलला. मी आत पाटावर बसलो, वहिनींच्या जागी, बटणं समोर. ठोकळ्यावर आता खिळे नव्हते. त्याने पक्कडीने उपटले असावेत, लाकूड भोकांभोवती चिरलं होतं.

लाल. हिरवा. त्याचा हात वर आला, एक, दोन. मी मध्येच ओरडलो, "अडकलं!"

डावा हात खिशातून निघाला आणि ठोकळ्याकडे गेला. भोकाच्या अगदी जवळ जाऊन थांबला. मग वर गेला.

"लागला?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता.

मी होतो तिथून, दाराच्या आतून, मला नीट दिसत नव्हतं.

"दिसलं नाही," मी म्हणालो.

त्याने हात खाली घेतला, परत खिशात घातला. "मग बाहेर येऊन बसा," तो म्हणाला. "डाव्या बाजूला."

मी पाट उचलला, बटणांची वायर पुरेल तेवढी ओढली आणि गॅलरीत त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. परत लाल लावला.